तीन पिढ्या, एक केबिन आणि रॉकी माउंटन नॅशनल पार्क : सगळ्यांनी मिळून काय काय करता येईल?

अबोली_ह्यू :
नमस्कार मंडळी. यंदा उन्हाळ्यात माझे आईबाबा आणि साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) एकाच वेळी आमच्याकडे ह्यूस्टनला आहेत, म्हणून न्यू जर्सीच्या दीर-जावेला आणि त्यांच्या मुलालाही बोलावून सगळ्यांनी कोलोरॅडोला रॉकी माउंटन नॅशनल पार्क करायचं ठरतंय. जुलैचा शेवटचा आठवडा. एस्टेस पार्क गावाजवळ स्वयंपाकघर असलेली मोठी केबिन बघून ठेवली आहे.

माणसं अशी : बाबा (गुडघा बदललाय, सपाटीवर छान चालतात, चढ-पायऱ्या नकोत), आई (चालायला खुटखुटीत पण घाटात गाडी लागते), साबु (बीपीची गोळी चालू, उत्साह दांडगा), साबा (रोज पहाटे टेकडी चढतात, आमच्या सगळ्यांच्या पुढे जातील), आम्ही चौघं, आणि मुलं ४, ९ आणि १४ वर्षांची. चौदावाला म्हणजे पुतण्या, तो सध्या हेडफोनमध्येच राहतो.

ट्रेल्सची यादी साइटवर आहे, ती वाचली. मला विचारायचंय ते वेगळं. अशा ट्रिपांत मी नेहमी बघते, आजी-आजोबा पार्किंगजवळच्या बाकावर सगळ्यांची जॅकेटं सांभाळत बसतात आणि बाकीचे तीन तासांनी येऊन त्यांना मोबाइलवर फोटो दाखवतात. तसं मला अजिबात होऊ द्यायचं नाहीये. चौघंही सत्तरीच्या आसपास आहेत, परत असा योग कधी येईल सांगता येत नाही. तर ज्यांनी तिन्ही पिढ्या घेऊन डोंगरातलं पार्क केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

चहाबाज :
छान धागा. आधी एक सांगा, अकरा माणसांना बाथरूम किती आहेत? बाकी डोंगर कुठे पळून जात नाहीत.

घाटमाथा :
अबोली, आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, देसातून पाहुणे आले की ही वारी ठरलेलीच, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट उंची. ह्यूस्टन समुद्रसपाटीला टेकलेलं, डेन्व्हर ५,२८० फूट, एस्टेस पार्क साडेसात हजाराच्या आसपास आणि पार्कातून डोंगरमाथ्यावर जाणाऱ्या ट्रेल रिज रोडचा माथा १२,१८३ फूट. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी वर पळू नका. एक रात्र डेन्व्हरला काढा, मग एस्टेसला पोचल्यावर पहिले दोन दिवस खालची तळी करा, आणि ट्रेल रिज त्यानंतर.

दुसरी गोष्ट परमिट. गेल्या काही उन्हाळ्यांत टाइम्ड एन्ट्री (ठरावीक वेळेचं प्रवेश-परमिट) असते, बेअर लेकच्या बाजूला पहाटे ५ ते संध्याकाळी ६ आणि बाकी पार्कला सकाळी ९ ते दुपारी २. जुलैच्या तारखा १ जूनला तिथल्या सकाळी ८ वाजता उघडायच्या आणि काही परमिटं आदल्या संध्याकाळी ७ ला पुन्हा सोडायचे. यंदाचं वेळापत्रक पार्कच्या साइटवर बघून घ्या. तुमच्या दोन गाड्या असणार म्हणजे दोन परमिटं लागतील, हे लोकांच्या लक्षात येत नाही आणि मग गेटवर अर्धं कुटुंब आत, अर्धं बाहेर.

आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. अकराच्या अकरा जणांनी दिवसभर एकत्र फिरायचं हा हट्ट सोडा. दिवसातून एक गोष्ट सगळ्यांनी मिळून, आणि बाकी वेळ जोड्या पाडायच्या, त्या मात्र मधली पिढी वगळून. आजी आणि नातू, आजोबा आणि नात. आईबाप मध्ये नसले की दोघंही वेगळेच वागतात, आमच्या घरी दर वेळी बघतो.

सगळ्यांनी मिळून करायची जागा म्हणजे स्प्रेग लेक. तळ्याभोवती सपाट फेरी आहे, साधारण पाऊण मैल, व्हीलचेअर जाते, जागोजागी बाक आहेत आणि सकाळी वारा पडलेला असला की डोंगरांची रांग पाण्यात उलटी दिसते. बाबा आरामात करतील, चार वर्षांचं पोरगंही. दुसरं लिली लेक, ते रस्त्याला लागूनच आहे, तिथली फेरीही तेवढीच सोपी आणि लाँग्ज पीक (१४,२५९ फूट) समोर. बेअर लेकची फेरी प्रसिद्ध आहे पण तिला थोडे चढउतार आहेत, बाबांना काठी द्या किंवा तळ्याच्या तोंडाशीच बसवा, तिथूनही सगळं दिसतं.

आणि साबांना पुतण्याबरोबर एमराल्ड लेकला पाठवा. बेअर लेकवरून १.८ मैल जायला, वाटेत निम्फ आणि ड्रीम लेक लागतात. पहाटे सहाला निघाले तर नाश्त्याच्या वेळेला परत.

रानजाई :
घाटमाथा यांना जोरदार अनुमोदन, जोड्यांबद्दल तर फारच.

आमच्याकडे ज्युनियर रेंजरचं पुस्तक हे सगळ्यात चाललं. व्हिजिटर सेंटरमध्ये फुकट मिळतं, वयाप्रमाणे वेगवेगळं असतं. त्यात झाडांची सालं बघा, आवाज ऐका, प्राण्यांच्या खुणा शोधा अशी कामं असतात. लेक तेव्हा सात वर्षांची होती, तिला इंग्रजी वाचता येत होतं आणि माझ्या बाबांना झाडं-पक्षी कळत होते (शेतकी खात्यात नोकरी झाली त्यांची), तर ती वाचून मराठीत सांगायची आणि हे तिला कुठे बघायचं ते दाखवायचे. पाँडेरोसा पाइनच्या सालीच्या भेगेत नाक खुपसून वास घ्यायचा असं रेंजरने सांगितलं होतं, बटरस्कॉच-व्हॅनिलासारखा गोड वास येतो. बाबा एकेका झाडाला नाक लावून, ‘हिचा येतोय, हिचा नाही’ करत होते आणि येणारेजाणारेही थांबून वास घ्यायला लागले.

पुस्तक पूर्ण झाल्यावर रेंजर मुलांना उजवा हात वर करायला लावून शपथ देतात आणि बॅज देतात. लेकीने आजोबांचा हात धरून वर केला. रेंजरबाईंनी दोघांना एकत्र शपथ दिली. बाबांनी एकेक वाक्य मोठ्याने म्हटलं, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं ताठ उभं राहून. तो बॅज आता त्यांच्या सातारच्या घरी टीव्हीच्या शेजारी आहे.

उन्हाळ्यात हिडन व्हॅलीला ज्युनियर रेंजरचं खास केंद्र असतं, तिथे मुलांसाठी कार्यक्रमही असतात.

गोदाकाठ :
सगळ्यांचे अनुभव वाचले, पण मला वेगळं मत मांडायचंय. सत्तरीच्या माणसांना बारा हजार फुटांवर न्यायचंच कशाला? आमच्या ओळखीच्या एका काकांना वर पोचल्यावर गरगरायला लागलं, सगळ्यांची ट्रिप तिथेच संपली. खाली तळी आहेत, नद्या आहेत, हरणं आहेत, तिथेच चार दिवस निवांत राहा. केवळ ‘नेलं’ म्हणायला ज्येष्ठांच्या तब्येतीशी खेळू नये.

वैद्यबुवा_एमडी :
गोदाकाठ, काळजी रास्त आहे, पण सरसकट नको म्हणणं मला पटत नाही. डॉक्टर म्हणून थोडं लिहितो, हा सल्ला तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांना पर्याय नाही.

बारा हजार फुटांवर एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. निरोगी माणूस, मग तो सत्तरीचा का असेना, गाडीने वर जाऊन तासाभरात खाली येत असेल तर बहुतेकदा ठीक राहतो. त्रास जास्त होतो तो उंचावर झोपण्याने आणि घाईने. म्हणून घाटमाथांनी सांगितलेला क्रम योग्य आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, नुकतीच अँजिओप्लास्टी वगैरे झाली असेल तर मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारा : ‘इतक्या फुटांवर जाणार आहोत, चालेल का?’ नुसतं ‘फिरायला जातोय’ असं सांगू नका.

साबुंच्या बीपीच्या गोळीत लघवी जास्त होण्याचं औषध असेल तर पाण्याकडे लक्ष द्या, वर हवा अतिशय कोरडी असते आणि आपली ज्येष्ठ मंडळी बाथरूम शोधावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. हे फार बघतो मी. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. उंचीसाठी डायमॉक्स घेतात लोक, ते सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं ही सुरुवात. तेव्हा आणखी वर जायचं नाही. तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर फोटो-बिटो सोडून तडक खाली उतरायचं आणि मदत मागायची. गावात दुकानांतून ऑक्सिजनचे छोटे डबे मिळतात, त्याने दोन मिनिटं बरं वाटतं, तो इलाज नाही.

आणि व्हिजिटर इन्शुरन्सचे कागद गाडीत ठेवा, केबिनमध्ये नको.

गोदाकाठ :
वैद्यबुवा, धन्यवाद, इतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. तासाभराचा मुद्दा पटला.

स्वल्पविराम :
उंचीचा विषय निघालाच आहे तर स्वयंपाकाबद्दल. एस्टेसच्या उंचीवर पाणी ९२-९३ अंशालाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, राजमा-छोले तर विसराच. केबिनमध्ये कुकर नसतो. इन्स्टंट पॉट किंवा आपला साधा कुकर गाडीत टाका, आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. भाताला पाणी थोडं जास्त लागतं. घरून आणलेली वेफर्सची पाकिटं वर फुगून टम्म होतात, आमचा धाकटा एकेक पाकीट कधी फुटेल याची वाट बघत बसला होता.

भाजणी, मेतकूट, पोहे, लसणाची चटणी घरून न्या. डोंगरात संध्याकाळी मस्त गारवा पडतो, अशा वेळी पिठलं-भात आणि तूप मिळालं की आजोबा लोक खूश. तुमच्याकडे तर दोन सुगरणी आहेत :)

टेकडीवरची :
स्वल्पविराम, ‘दोन सुगरणी आहेत’ यावर मात्र मला थांबून बोलायचंय. या बायका पन्नास वर्षं रांधतायत. इतक्या लांब येऊन, समोर डोंगर असताना, पुन्हा ओट्यापाशीच? ‘आईला आवडतं करायला’ हे आपण फार सोयीने म्हणतो. आमच्या घरी नियमच केला होता, आज्यांनी फक्त चव बघायची आणि मीठ कमी-जास्त सांगायचं. नवऱ्याने आणि भावाने स्वयंपाक केला, मुलांनी ताटं घेतली. साबा पहिल्या दिवशी अवघडल्या, दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर शाल घेऊन बसल्या आणि समोरून एल्क (मोठी हरणं) गेले तेव्हा त्यांनीच सगळ्यांना हाका मारल्या. आत असत्या तर दिसले असते का?

स्वल्पविराम :
टेकडीवरची, मान्य. खरंच. पण थोडं आईच्या बाजूने लिहिते, माझी आई परक्या देशात महिनाभर ‘हे कसं लावायचं, ते कसं उघडायचं’ विचारत होती, प्रत्येक गोष्टीला आमच्यावर अवलंबून. नातवंडांना थालीपीठ थापायला शिकवताना तीच सगळ्यांची गुरू होती. ते तिच्याकडून काढून घ्यायला नको वाटतं. रोजचा रगाडा नको, एक दिवस तिचा, तिच्या मर्जीने, मुलांच्या हातून करून घेत, असं काहीतरी.

टेकडीवरची :
हे पटलं. भांडी तिने घासायची नाहीत एवढं त्यात घाला.

चहाबाज :
भांड्यांसाठी दिरांचं नाव सुचवतो. अनुमोदक : मी.

मालवणी_गळ :
कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्प्रेग लेकला गळ टाकता येतो! माझे बाबा मालवणचे, लहानपण खाडीवर गेलं, नोकरीनिमित्त ठाण्यात अडकले ते तिथेच. त्यांना ट्रेल-बिल यात काही रस नव्हता. गावातल्या दुकानातून बाबांचं एक दिवसाचं कोलोरॅडोचं लायसन्स काढलं, १६ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. नातवाला गाठ कशी मारायची, दोरा किती सैल सोडायचा, मासा हिसका देईपर्यंत गप्प कसं राहायचं हे सगळं त्यांनी मालवणीत शिकवलं, पोराला मालवणी येत नाही पण सगळं समजलं. छोटा ट्राउट लागला, ओल्या हाताने धरून परत सोडला. बाबा ‘ह्यो खायचो नाय?’ म्हणून हळहळले :) मग गावात ट्राउट खाऊ घातला.

पार्कचे नियम वाचून घ्या, मोठ्यांना कृत्रिम आमिषच वापरावं लागतं, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना काही ठिकाणी गांडूळ चालतं. बेअर लेकमध्ये मासेमारीला बंदी आहे.

अबोली_ह्यू :
अहो काय सुंदर लिहिताय सगळे! वैद्यबुवा, तुमचा प्रतिसाद साबुंना वाचून दाखवला, त्यांनी गोळ्यांची पट्टी आणून त्यावरची नावं वाचायला घेतली आहेत, पुढच्या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल ठरवलाय. टेकडीवरची आणि स्वल्पविराम, तुमचं दोघींचं नवऱ्याला फॉरवर्ड केलं.

दोन प्रश्न. ट्रेल रिजवर बाथरूम कुठे कुठे आहेत? आणि चौदा वर्षांच्या मुलाचं काय करायचं?

घाटमाथा :
बाथरूम : रेनबो कर्व्ह, रॉक कट, वरचं अल्पाइन व्हिजिटर सेंटर (११,७९६ फूट, इथे रांग असते) आणि पलीकडे उतरताना मिलनर पास. रेनबो कर्व्हला सगळ्यांनी उतरायचंच, लागलेली असो वा नसो, हा आमचा नियम.

वर जायचं ते सकाळी. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग भरून येतात आणि विजा कडाडतात, झाडांच्या रेषेच्या वर आडोसा नाही. बारापर्यंत खाली यायला निघा. कानटोप्या, मोजे, शाली हाताशी ठेवा, खाली टी-शर्टचं ऊन असलं तरी वर वारा कान कापतो.

हेडफोन_काढलेला :
इथे बहुतेक मीच वयाने लहान, २१. अबोलीताई, तुमचा पुतण्या जसा आहे तसाच मी होतो त्यामुळे लिहितोय. मला कोणी ‘फोन ठेव, निसर्ग बघ’ म्हटलं की उलटंच व्हायचं. मग मामाने एकदा काम दिलं. पार्कात नेटवर्क बहुतेक ठिकाणी नसतंच, तर आदल्या रात्री सगळे नकाशे डाउनलोड करायचे आणि दिवसभर वाट मी सांगायची. पुढच्या सीटवर मी, मागे आजोबा. दुसरं काम असं की रोज संध्याकाळी आजोबांना एक प्रश्न विचारायचा आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. पहिली नोकरी कशी लागली, आजीला पहिल्यांदा कुठे बघितलं, १९७२ च्या दुष्काळात गावात काय खात होते. सुकडीबद्दल मला तेव्हाच कळलं. आजोबा गेल्या वर्षी गेले. ती रेकॉर्डिंग्ज आता घरात सगळेच ऐकतात.

आजीला घेऊन एमराल्ड लेकला जायची आयडिया भारी आहे. त्याला सांगा की आजीची जबाबदारी तुझी. आणि आजीला सांगा की त्याची जबाबदारी तुमची.

रानजाई :
हेडफोन_काढलेला, डोळ्यांत पाणी आणलंस रे. खूप गुणी आहेस.

सोनटक्का :
रेकॉर्डिंगची कल्पना मी आजच उचलली.

मी रात्रीबद्दल लिहिते. जुलैअखेर अमावास्या जवळ असेल अशी रात्र बघून केबिनचे दिवे बंद करून सगळ्यांना घोंगड्यांवर झोपवा. ह्यूस्टनच्या मुलांनी आकाशगंगा बघितलेली नसते हो! आणि इथे आजी-आजोबांनाच सगळं येतं. माझ्या सासऱ्यांनी डोक्यावरचा अभिजित दाखवला, त्याच्याजवळ हंस, खाली श्रवण, मग दक्षिणेला वृश्चिक आणि त्यातली तांबूस ज्येष्ठा, उत्तरेला सप्तर्षी आणि वसिष्ठाजवळची अरुंधती. मुलं ॲपवर व्हेगा, डेनेब, अल्टेअर अशी नावं शोधून पडताळत होती आणि दर वेळी आजोबा बरोबर! सासूबाई म्हणाल्या, लग्नात अरुंधती दाखवली तेव्हा मला काही दिसली नव्हती, नुसतीच मान हलवली होती, आज दिसली. सगळे केवढे हसलो.

ऑगस्टच्या १२-१३ ला पर्सिड्सचा उल्कावर्षाव ऐन भरात असतो, जुलैच्या शेवटीही अधूनमधून दिसतात.

गोदाकाठ :
ट्रेल रिजचा विरोध मी मागे घेतला असला तरी पश्चिमेकडच्या बाजूबद्दल लिहायलाच हवं. बहुतेक लोक वरून परत एस्टेसला येतात. तब्येतीने साथ दिली तर पलीकडे कावुनीची व्हॅलीत उतरा, गर्दी कमी, मूस हे अजस्र हरीण दिसण्याची शक्यता तिथेच जास्त (मूसपासून निदान १२० फूट, एल्कपासून ७५ फूट लांब राहायचं, मूस दिसायला गरीब पण अंगावर येतो). २०२० च्या ऑक्टोबरमधल्या वणव्याने या बाजूचं बरंच जंगल जाळलं, काळे खांब उभे दिसतील आणि त्यांच्या पायाशी नवी हिरवळ. मुलांना नक्की दाखवा.

तिथे कायोटी व्हॅली ट्रेल आहे, सपाट, व्हीलचेअर जाईल असा, जाऊन-येऊन मैलभर, कोलोरॅडो नदीच्या कडेने. ही तीच नदी जिने ग्रँड कॅन्यन कोरलं. तिचा उगम याच पार्कात ला पूद्र पासपाशी आहे. आमच्या आईने आदल्या वर्षी ग्रँड कॅन्यन बघितलं होतं, तिचा विश्वासच बसेना की तो एवढा उद्योग या घोटाभर पाण्याचा. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, पण तिने खळाळतं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं, आणि मग नातीला म्हणाली, आपली कृष्णा महाबळेश्वरला अशीच निघते. पोरीला तेव्हा पहिल्यांदा कृष्णा कुठली ते विचारावंसं वाटलं.

टेकडीवरची :
गोदाकाठ, फारच सुरेख. उगमावरून आठवलं, मिलनर पासला खंडाच्या जलविभाजकाची पाटी आहे, इकडचं पाणी अटलांटिककडे आणि तिकडचं पॅसिफिककडे. तिथे सगळ्यांचा मिळून फोटो घ्या, गाडीतून उतरून चार पावलं.

आणि वरच्या फुलांबद्दल. जुलैमध्ये टुंड्रावर (झाडांच्या रेषेवरच्या उघड्या माळावर) बोटभर उंचीची निळी, गुलाबी, पिवळी फुलं असतात, साबांना कासच्या पठाराची आठवण झाली. त्यांना देवाला वाहायला दोन फुलं खुडायची होती. तिथल्या रेंजरने इतकं छान समजावलं की हे गुलाबी झुबके बशीएवढे व्हायला कित्येक वर्षं घेतात, वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने यांना वाढायला मिळतात, एका पावलाने सगळं मोडतं. मी मराठीत सांगितलं. साबा खाली वाकल्या, फुलाला तिथेच हात जोडले आणि नातवाला दम भरला की दगडावरूनच चालायचं. नंतर पूर्ण वाटभर त्या दुसऱ्यांच्या मुलांवरही लक्ष ठेवून होत्या.

नवीन_पाखरू :
मी पुण्यातून वाचतेय. आमचं अमेरिकेला जायचं काही नाही, पण या जोड्या पाडायच्या आणि रेकॉर्डिंगच्या कल्पना महाबळेश्वरला पण चालतील ना? मे महिन्यात सगळे मिळून जातोय, चौदा जण.

घाटमाथा :
नवीन_पाखरू, का नाही चालणार, उलट तुम्हाला उंचीची भानगड नाही आणि आजी-आजोबांना भाषा येते. प्रतापगडाची माहिती आजोबांकडून ऐका, गाइड नंतर.

चहाबाज :
चौदा जण! बाथरूम किती?

सोनटक्का :
चहाबाजना कोणीतरी बाथरूमवर वेगळा धागा काढून द्या.

वाटसरू_सॅनहोजे :
एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यावरील पाहुण्यांना ११ मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जास्तीचे लावले आहेत आणि रॉकी माउंटन त्यात आहे. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा, इथल्या रहिवाशांचा ८० चा. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर असतात, म्हणजे चार ज्येष्ठांचा खर्च आधीच धरून ठेवा, आणि कुठला पास घेतला की कोणाला लागू होतो हे पार्कच्या साइटवर वाचून मगच पैसे भरा. गेटवर मुलांसमोर वाद नको. आणि आईबाबांना आकडा सांगू नका, ‘आमच्यासाठी एवढे कशाला’ म्हणून गाडीतच बसतील.

रानजाई :
शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. आमच्या बाबांनी पार्किंगचे दर वाचून ‘मी इथेच थांबतो’ म्हटलेलं आहे.

अबोली_ह्यू :
वाटसरू, बरं झालं सांगितलंत, हे अजिबात लक्षात नव्हतं. तर आत्तापर्यंतचं असं ठरतंय : पहिली रात्र डेन्व्हर. मग स्प्रेग लेक सगळ्यांनी, तिथे बाबा आणि ४ वर्षांची गळ घेऊन (बाबांना विचारलं, ते म्हणाले लहानपणी नीरेच्या पात्रात धरायचो, कधी बोलले नव्हते!). साबा आणि पुतण्या एमराल्ड लेक, पुतण्याने चक्क हो म्हटलं, अट एकच की आजीने वाटेत शाळेबद्दल विचारायचं नाही. साबु आणि ९ वर्षांचा ज्युनियर रेंजर. ट्रेल रिज चौथ्या दिवशी सकाळी, वर तासभरच, कोणाला त्रास नसेल तर कायोटी व्हॅलीपर्यंत. स्वयंपाक दीर आणि नवरा, एक दिवस थालीपीठ, आईच्या हाताखाली मुलं. एक रात्र आकाश. एक पूर्ण दिवस काहीच नाही, नुसतं केबिनच्या ओट्यावर पत्ते.

आता फक्त आईला गाडी लागते त्याचं बघायचंय.

वैद्यबुवा_एमडी :
आईंना पुढच्या सीटवर बसवा, नजर लांब रस्त्यावर, मोबाइल नाही. रिकाम्या पोटी नको आणि भरपेट पण नको, दोन इडल्या किंवा टोस्ट एवढंच. गोळी घ्यायची तर निघायच्या अर्धा-एक तास आधी, पण त्यातल्या काहींनी गुंगी येते आणि ज्येष्ठांना तोल जायचा धोका असतो, म्हणून घरी असतानाच एकदा घेऊन बघा. आल्याच्या वड्या निरुपद्रवी, त्या खुशाल ठेवा.

घाटमाथा :
आणि गाडी चालवणारा धिम्या हाताचा निवडा. वर जाताना रस्त्याला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, मागे कोणी घाई करत असेल तर पुलआउटला (रस्त्याकडेच्या थांबायच्या जागेत) थांबून त्याला जाऊ द्यायचं. ओल्ड फॉल रिव्हर रोड तुमच्या आईंसाठी नको, तो कच्चा आणि वळणावळणाचा आहे, एकेरी असल्याने मध्येच मागे फिरता येत नाही.

स्वल्पविराम :
अबोली, कुकर पाच लिटरचा असेल तर अकरा माणसांना एका वेळी डाळ-भात होणार नाही. जावेला तिचा इन्स्टंट पॉट आणायला सांगा.

अबोली_ह्यू :
ती विमानाने येतेय, माझाच दुसरा गाडीत टाकते. आम्ही ह्यूस्टनहून एक गाडी चालवत नेणार आहोत, आईबाबा आणि साबा-साबु मात्र विमानाने येतील.